घाटांत गाडी कां थांबते ?

पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी खंडाळा स्टेशन मागें टाकून बोगद्यांच्या मालिकेंत शिरते आणि थोड्याच वेळांत भर रानांत उभी राहते. तेथें गांव नाहीं, बाजार नाहीं; कोणी उतरत नाहीं, कोणी चढत नाहीं. एका बाजूस काळाकभिन्न कडा, दुसऱ्या बाजूस खोल दरी व मध्यें रेल्वेची एक केबिन, एवढेंच काय तें दिसतें. प्रवासी घड्याळाकडे पाहतो, शेजाऱ्याकडे पाहतो, आणि रेल्वेच्या कारभाराविषयीं दोन कडू शब्द बोलून पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतो. इतक्यांत गाडी हलते. थोडी खालीं गेल्यावर ती पुन्हां तशीच एका आडजागीं थांबते. या जागांचीं नांवें मंकी हिल व ठाकूरवाडी. प्रवाशाच्या लेखीं हा वेळेचा निव्वळ अपव्यय होय. परंतु वास्तविक पाहतां सबंध प्रवासांत त्याच्या जीविताची जितकी काळजी या दोन थांब्यांवर घेतली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं घेतली जात असेल.

अशा वेळीं जो खिडकींतून नीट निरखून पाहील, त्यास मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या बाजूस वर वर चढत गेलेला एक निराळा रूळ दिसेल. हा रूळ कोणत्याही गांवास जात नाहीं. कांहीं अंतर चढून तो एकाएकीं संपतो. त्यावरून गाड्यांची नित्याची ये-जा नसल्यामुळें त्याला मुख्य रुळासारखी चकाकीही नसते. यास रेल्वेच्या भाषेंत ‘कॅच सायडिंग’ असें म्हणतात. म्हणजे सुटलेल्या गाडीस धरणारा बाजूचा रूळ. या रुळासंबंधीं नवल वाटण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्यावर गाडी जावी अशी रेल्वेंतील एकाही माणसाची इच्छा नसते. तथापि सांधा मात्र नेहमीं त्याच रुळाकडे वळवून ठेवलेला असतो. मुंबईकडे जाणारा सरळ मार्ग हा येथें बंद असतो, आणि डोंगरांत जाऊन संपणारा मार्ग हा उघडा असतो. असें उफराटें कां, हें समजलें म्हणजे बोरघाटाची सारी विद्या समजली.

त्यासाठीं प्रथम घाटाचा उतार ध्यानांत घेतला पाहिजे. हा मार्ग इ. स. १८६३ च्या एप्रिल महिन्याच्या २१ तारखेस मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें खुला झाला. मूळच्या चढाची लांबी सुमारें सोळा मैल, आणि तेवढ्या लांबींत रूळ १८३१ फूट वर चढतो. कित्येक ठिकाणीं चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. बैलगाडीच्या रस्त्यास हा चढ विशेष नव्हे. परंतु लोखंडी रुळावरून फिरणारें पोलादी चाक फारच थोड्या घर्षणानें फिरतें. सपाटीवर हाच गुण रेल्वेचें मोठें बळ होतो, व घाटांत तोच तिचा वैरी होतो. एक हजार टन वजनाची गाडी अशा उतारावर उभी असेल, तर तिला खालीं ओढणारा जोर सुमारें सत्तावीस टनांचा असतो. तो अहोरात्र एकसारखा ओढीत राहतो. त्याला थकवा नाहीं कीं विसर नाहीं.

आतां समजा, अशी एक गाडी ब्रेकांस न जुमानतां उतारावर सुटली. एक मैल जातांजातां ती सुमारें १४३ फूट खालीं येईल. आणि चाकांचें व हवेचें घर्षण हिशेबांत धरलें तरी त्या एका मैलाच्या शेवटीं तिचा वेग ताशीं साठ मैलांच्या आसपास जाईल. घाटांतील वळणें इतका वेग सोसणारीं नाहींत. म्हणजे घाटांत संकट येण्यास तास लागत नाहीं. तें दोन-तीन मिनिटांत परमावधीस पोहोंचतें. त्यानंतर ड्रायव्हर कितीही धीराचा असला तरी त्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

यावर उपाय कोणता ? ज्या गुरुत्वाकर्षणानें गाडीस वेग दिला, त्यालाच तो वेग परत घ्यावयास लावणें, हा. गाडी चढाच्या रुळावर वळविली कीं जी शक्ति तिला पुढें लोटीत होती, तीच आतां मागें खेंचूं लागते. गणितानें पाहतां, ताशीं तीस मैल वेगानें येणारी गाडी आपोआप थांबण्यास सुमारें तीस फूट उंची चढावी लागते. वेग ताशीं साठ मैल असेल, तर साठ फूट पुरत नाहींत. एकशेंवीस फूट लागतात. वेग दुप्पट झाला म्हणजे लागणारी उंची चौपट होते. एवढी उंच सायडिंग कड्याच्या कुशींत बांधणें अवघडच. म्हणून शहाणपणा यांतच आहे कीं, गाडीचा वेग वाढण्यापूर्वींच तिला पकडावें. आणि याच कारणास्तव एक मोठी सायडिंग तळाशीं न बांधतां उतारावर टप्प्याटप्प्यानें सायडिंगा ठेवलेल्या असतात. रुळाच्या शेवटाकडे पुष्कळदां वाळू भरलेली असते. उरलासुरला वेग त्या वाळूंत जिरतो.

आतां सांध्याचें कोडें सहज सुटतें. सांधा जर मुख्य मार्गाकडे लावून ठेवला असता आणि ‘गाडी सुटली तर सायडिंगकडे वळवावा’ असा नियम असता, तर गाडी सुटली आहे हें केबिनमधील माणसास कळण्यावर, त्यानें तत्क्षणीं हात चालविण्यावर, आणि यंत्रानें त्याच क्षणीं साथ देण्यावर शेंकडों प्राण अवलंबून राहिले असते. नियम करणारांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं असें ठरविलें कीं, उतरणारी प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असें धरून चालावें. तिनें नेमलेल्या जागीं येऊन उभें राहून दाखवावें; मग सांधा मुख्य मार्गाकडे फिरेल, सिग्नल मिळेल व तिला पुढें जातां येईल. जी गाडी थांबूं शकते, तिला पुढचा उतार मोकळा. जी थांबूं शकत नाहीं, ती कोणीं कांहीं न करतांही डोंगराच्या रुळावर जाते. केबिनमधील मनुष्य गोंधळला तरी चालेल, तार तुटली तरी चालेल. कारण कांहींच घडलें नाहीं तर जें घडावयाचें तें सुरक्षित बाजूचेंच घडतें. घाटांतला तो ‘निष्कारण’ थांबा म्हणजे गाडीची तोंडी परीक्षा होय, आणि ती कालच्या यशावर आज माफ होत नाहीं.

हेंच तत्त्व ब्रेकांतही आढळतें. आरंभींच्या काळीं गाडीचे ब्रेक हातानें आवळावे लागत. ब्रेकवाल्यांनीं इंजिनाची शिटी ऐकून आपआपल्या डब्यांतील चक्र फिरवावयाचें. एकाची ढिलाई झाली तर त्या मानानें सबंध गाडीचें बळ कमी पडावयाचें. पुढें निर्वात ब्रेक आले, व त्यानंतर दाबलेल्या हवेचे ब्रेक आले. दोहोंची ठेवण अशी कीं, सर्व डब्यांतून एक नळी जाते, आणि ती शाबूत असेल तोंवरच ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली अथवा डबे एकमेकांपासून तुटले, तर ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे येथेंही बिघाडाचा कल थांबण्याकडे ठेवला आहे. परंतु ब्रेकासही मर्यादा आहे. लांब उतारावर तो सारखा आवळून ठेवला कीं चाकें व ठोकळे तापतात, आणि तापलेल्या ठोकळ्यांची पकड कमी होते. विजेच्या इंजिनानें यांत मोठी सोय केली. उतरतांना त्याची मोटर उलट वीज उत्पन्न करूं लागते व त्या कामांत गाडीचा वेग खर्ची पडतो; त्यामुळें ठोकळ्यांवरील भार हलका होतो. कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९-३० च्या सुमारास विजेवर चालूं लागला, आणि १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. तथापि वीज आली म्हणून कॅच सायडिंग उखडून टाकावी असें कोणास वाटलें नाहीं.

घाट चढण्याची रीत उतरण्याहून निराळी, परंतु पाहण्यास तितकीच मनोरंजक आहे. येथें ऐकणारास एक गंमत सांगितली पाहिजे. मध्य रेल्वेंत मुंबईकडे येणारी गाडी ती ‘अप’ व मुंबईहून जाणारी ती ‘डाउन’. त्यामुळें बोरघाटांत ‘डाउन’ गाडी डोंगर चढते व ‘अप’ गाडी डोंगर उतरते ! या ‘डाउन’ गाडीस कर्जत येथें मागच्या बाजूनें जादा इंजिनें लावतात. त्यांस ‘बँकर’ म्हणतात. तीं इंजिनें पुढें न लावतां मागें कां लावतात, असा प्रश्न चौकस मुलें नेहमीं विचारतात. त्याचें उत्तर असें. सर्व इंजिनें पुढें लावलीं, तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. कांहीं इंजिनांनीं मागून रेटलें कीं तो ताण वांटला जातो. शिवाय एखादें कपलिंग तुटलेंच, तर सुटलेले डबे मागें घरंगळूं नयेत म्हणून त्यांच्या पाठीशीं बँकर उभे असतातच. लोणावळ्यास चढ संपला कीं बँकर सुटतात. पुढील इंजिनाचा आवाज डोक्यावरून निघून गेल्यावर, पुष्कळ वेळानें, शेंपटाकडील इंजिनांचा दमदार आवाज दरींतून वर येतो. ज्याला हा क्रम ठाऊक आहे त्याला गाडीची लांबी डोळे मिटूनही सांगतां येते.

आज मंकी हिलजवळून गाडी सरळ खालीं उतरते; पण १९२९ पूर्वीं तसें नव्हतें. खंडाळ्याजवळ डोंगराची सोंड इतकी अरुंद होती कीं, रुळास वळण घेण्यास जागाच नव्हती. म्हणून तेथें ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केलें होतें. गाडी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावीत. मग मघां जें शेंपूट होतें तें डोकें होऊन गाडी उलट दिशेनें मार्गस्थ होई. पुढें नवे बोगदे खणून १९२९ सालीं हा फेरा काढून टाकण्यांत आला. त्या वेळच्या प्रवाशास डोंगरांतील रूळ निवांतपणें पाहण्याची संधि रेल्वेनेंच करून दिली होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा मार्ग ज्यांनीं घडविला त्यांचें स्मरण केल्यावांचून त्याचें वर्णन पुरें होत नाहीं. योजना जेम्स बर्कली या मुख्य इंजिनिअरची. तो १८६२ सालीं वारला. त्याला पुरा झालेला घाट पाहावयास मिळाला नाहीं. १८५६ सालीं कामास आरंभ झाला, तो फेव्हिएल या कंत्राटदाराकडून. त्यानें १८५९ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यापासून थोड्याच आठवड्यांत मरण पावला. अशा प्रसंगीं त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट न सोडतां दोघां जाणत्या इंजिनिअरांच्या साह्यानें तें तडीस नेलें. पंचवीस बोगदे व दरीवरील आठ मोठे पूल हें त्या वेळचें काम. १८६१ च्या सुमारास घाटांत काम करणारांची संख्या बेचाळीस हजारांपर्यंत गेली होती. कड्यावरून दोर सोडून, त्यास लोंबकळत, सुरुंगाचीं भोकें पाडावीं लागत. पडून, सुरुंगानें व त्याहूनही पटकीसारख्या रोगानें हजारों माणसें मेलीं. इंजिनिअरांचीं व कंत्राटदारांचीं नांवें ग्रंथांतून राहिलीं. दोराला लोंबकळणारांचीं राहिलीं नाहींत. घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. या डोंगरांतून जाणारी वाट एका धनगरानें साहेबास दाखविली, आणि त्याबद्दल त्याच्या वाट्यास मरण आलें, अशी कथा त्या भागांत सांगतात. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. परंतु ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत, त्यांच्याकरितां लोकांनीं एक नांव जपलें, हें मात्र खरें.

घाट बांधून झाला म्हणून डोंगर स्वस्थ बसला असें नाहीं. १८६७ सालीं यांतील एक मोठा दगडी पूल ढासळला. खंडाळा-लोणावळ्याकडे पाऊस शंभर इंचांच्या पुष्कळ वर पडतो. त्या पाण्यानें दगड सैल होतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीं रेल्वेच्या डोंगरी टोळ्या कड्यांवर चढून, दोरास बांधून घेऊन, सैल झालेले दगड आधींच पाडून टाकतात. आणि पावसाळ्यांत रुळांवर रात्रंदिवस गस्त असते. वर उल्लेखिलेल्या दोराचेंच हें पुढचें टोंक म्हणावें. गाडी थांबली असतां कंदील व हातोडा घेतलेला जो मनुष्य ओल्या घोंगडींत अथवा रेनकोटांत रुळाच्या कडेस उभा दिसतो, तो सहज उभा राहिलेला नसतो.

यंत्रें मात्र बदलत गेलीं. हातब्रेक गेले, वाफेचें इंजिन गेलें, दीड हजार व्होल्टची वीज जाऊन पंचवीस हजार व्होल्टची आली. १० फेब्रुवारी १९२३ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १० फेब्रुवारी २०२३ रोजीं, मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. तिच्या निरनिराळ्या डब्यांखालींच मोटारी असल्यामुळें ती बँकरावांचून घाट चढते. विद्येची ही प्रगति अभिमानास्पद आहे. परंतु उताराचें प्रमाण १८६३ सालीं होतें तेंच आहे, आणि गुरुत्वाकर्षणानें आपला दर तसूभरही कमी केलेला नाहीं. म्हणून ब्रेक अधिक चांगले झाले तरी त्यांची परीक्षा घेण्याची गरज संपली नाहीं. परीक्षा नाहींशी झाली कीं अभ्यास ढिला पडतो, हा शाळेचा अनुभव यंत्रशाळेसही लागू आहे.

हें सर्व पाहण्याची इच्छा कोणास झाली, तर ती चांगलीच. परंतु पाहण्याची जागा योग्य असावी. खंडाळा स्टेशनचा फलाट आहे, राजमाचीचा पॉइंट आहे, आणि सर्वांत उत्तम म्हणजे गाडींतील आपल्या बाकाजवळची खिडकी आहे. अलीकडे पावसाळ्यांत धबधबे पाहण्यासाठीं तरुण मंडळी रुळांवरून व बोगद्यांतून चालत जातात. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमान्वयें तो गुन्हा आहे. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी कारण उघड आहे. बोगद्यांत बाजूस सरावयास जागा थोडी, वळणापलीकडील गाडी दिसत नाहीं, आणि धबधब्याच्या आवाजांत शिटी ऐकूं येत नाहीं. सुटलेल्या गाडीकरितां डोंगरांत रूळ बांधून ठेवला आहे. रुळावरील माणसाकरितां तशी कोणतीही सायडिंग नाहीं.

तेव्हां पुढील खेपेस गाडी मंकी हिलला उभी राहिली, तर वर्तमानपत्र थोडा वेळ मिटावें आणि डोंगराकडे चढत गेलेला तो रूळ शोधावा. त्यावर गवत माजलें असेल, तर तें शुभ चिन्ह समजावें. तो बांधण्यास खर्च झाला, त्याची निगा राखण्यास दररोज माणसें लागतात, आणि त्याचा उपयोग करण्याची पाळी येऊं नये हेंच त्या सर्वांच्या मनांत असतें. थोड्या वेळानें सांधा फिरल्याचा खडखडाट कदाचित् ऐकूं येईल. गाडी परीक्षेंत उतरली, असा त्याचा अर्थ. मग ती सावकाश हलेल व पुढच्या परीक्षेसाठीं ठाकूरवाडीकडे उतरूं लागेल.